पर्यावरण विषयातील परदेशी पदव्युत्तर पदवी : नोकरीच्या दृष्टीने निवड कशी करावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची सांगलीची. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर गेली दोन वर्षे पुण्यातील एका सल्लागार कंपनीत काम करीत आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे आराखडे तयार करणे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रासाठी लागणारी कागदपत्रे जुळवणे, असे माझ्या कामाचे साधारण स्वरूप आहे.

पुढील वर्षी परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी जाण्याचे घरात ठरले आहे. सध्या माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठाचा, हवा, घनकचरा आणि सांडपाणी यांच्या प्रक्रिया अभियांत्रिकीचा ‘वेस्ट’ या नावाने ओळखला जाणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. दुसरा ब्रिटनमधील एका विद्यापीठाचा सस्टेनेबिलिटी मॅनेजमेंटचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. तिसरा नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. शिक्षण आणि राहणे मिळून तीस लाखांच्या वर जाणे आम्हाला शक्य नाही, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचाच असेल.

मला भेटलेल्या दोन्ही शिक्षण सल्लागारांनी ब्रिटनचा आग्रह धरला. ‘सस्टेनेबिलिटी’ म्हणजे शाश्वतता, या क्षेत्राला आता फार मागणी आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. ही मागणी नेमकी कोणत्या कामाला आहे, आणि काही वर्षांनी परत यायचे ठरले तर यांपैकी कोणत्या पदवीला आपल्याकडे किंमत राहील, याविषयी प्रत्यक्ष या क्षेत्रात असलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नेकारकाठचा कराडकर

आपण ज्या तीन अभ्यासक्रमांची तुलना करीत आहात ते एका जातीचे नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. स्टुटगार्टचा अभ्यासक्रम अभियंता घडवतो, वाखेनिंगेनचा शास्त्रीय संशोधनाच्या अंगाने जातो, आणि व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम अहवाल, धोरण आणि कंपन्यांचा अंतर्गत कारभार यांच्याकडे नेतो. तिन्हींच्या माहितीपत्रकांवर पवनचक्की आणि हिरवे पान सारखेच छापलेले असते, म्हणून ते एका रांगेतले वाटतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक अभ्यासक्रमाची सविस्तर विषयपुस्तिका असते. ती उघडून कोणत्या विषयाला किती श्रेयांक आहेत, प्रयोगशाळेचे तास किती आहेत आणि गणित कुठवर जाते, हे पाहिल्याशिवाय अर्ज करू नये. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा प्रकार या क्षेत्रात विशेष आढळतो.

मागणीविषयी माझे मत स्पष्ट आहे. पर्यावरण क्षेत्रातील टिकाऊ नोकऱ्या कायद्यातून निर्माण होतात, त्यामुळे ज्या देशात जायचे तेथे येत्या दहा-वीस वर्षांत कोणते कायदेशीर बंधन कोणाला पाळावे लागणार आहे, हे पाहावे. सांडपाण्याचेच उदाहरण घेऊ. युरोपीय महासंघाचा शहरी सांडपाण्याविषयीचा सुधारित निर्देश 1 जानेवारी 2025 पासून अमलात आला. दीड लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येइतका भार घेणाऱ्या केंद्रांना औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांचे सूक्ष्म अंश काढणारा चौथा प्रक्रिया टप्पा त्यानुसार टप्प्याटप्प्याने, 2045 पर्यंत उभारावा लागणार आहे. शिवाय हे क्षेत्र ऊर्जेच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्याचे उद्दिष्टही त्याच वर्षापर्यंतचे आहे. स्टुटगार्ट ज्यात येते त्या आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सक्रिय कार्बन वापरणारी अशी केंद्रे निर्देशाच्या आधीपासूनच चालू आहेत. सरकार बदलले, कंपनीचे धोरण बदलले, तरी शहराचे सांडपाणी थांबत नाही. उलट कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांच्या युरोपीय नियमांची व्याप्ती 2025 मध्येच मोठ्या प्रमाणात कमी करण्याच्या हालचाली झाल्या, आणि ज्यांनी केवळ त्या नियमांच्या भरवशावर पदवी घेतली होती त्यांची पंचाईत झाली.

मुलाखतीचा एक नमुना सांगतो. माझ्यासमोर एका केंद्राची आकृती ठेवून, नायट्रेट असलेला प्रवाह कोणत्या टाकीतून कोणत्या टाकीत परत फिरवाल, आणि त्यासाठी पंपाची क्षमता किती धराल, असे विचारले होते. त्यानंतरचा अर्धा तास जर्मन आराखडा-मानक ए-131 मधील गाळाच्या वयाच्या, म्हणजे गाळ केंद्रात सरासरी किती दिवस राहतो याच्या, हिशेबावर गेला. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. आपण दोन वर्षे हेच काम लहान प्रमाणावर केले आहे, त्यामुळे आपला पाया तयार आहे.

आता अडचणीची बाजू. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नोकरी इंग्रजीत नसते. नगरपालिकांची केंद्रे आणि त्यांना सल्ला देणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपन्या जर्मन भाषेची किमान बी-2 पातळी, म्हणजे कामकाज सहज करता येईल इतकी भाषा, मागतात. केंद्रावरचे कर्मचारी तर श्वाबियन बोलीत बोलतात, जी उत्तरेकडच्या जर्मनांनाही धड कळत नाही. भाषा तेथे गेल्यावर शिकू असे म्हणणारे बहुतेक जण पदवी हाती आल्यावर, अठरा महिन्यांच्या नोकरीशोधाच्या परवान्याची घटिका चालू असताना, भाषेच्या वर्गात बसलेले दिसतात.

खर्चाचा हिशेब असा. जर्मनीत सरकारी विद्यापीठे बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क घेत नाहीत. पण आमच्या राज्यात युरोपीय महासंघाबाहेरील विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याचे 11,904 युरो, म्हणजे सुमारे 12 लाख रुपये, गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. ते खर्च नसून आपलेच पैसे असतात आणि दरमहा 992 युरो याप्रमाणे परत मिळतात. दोन वर्षांचा एकूण खर्च आपल्या मर्यादेच्या आसपास येईल, आणि वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करण्याची मुभा असल्यामुळे त्यातला काही भाग भरून निघू शकतो. हे काम उपाहारगृहात न करता, दोन पैसे कमी मिळाले तरी, एखाद्या अभियांत्रिकी कंपनीत करावे. पुढची नोकरी बहुधा तेथूनच मिळते.

यॉर्कशायरची पाहुणी

मी ब्रिटनमध्ये शिकले आणि येथेच काम करते, त्यामुळे वरच्या प्रतिसादाला थोडी पुरवणी जोडते आणि थोडा विरोधही नोंदवते.

आधी विरोध. अभियांत्रिकी म्हणजे खरे शिक्षण आणि बाकी सगळा कागदी कारभार, हा सूर मला पटत नाही. इंग्लंडमध्ये 12 फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या बांधकाम प्रकल्पांना, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून लहान प्रकल्पांनाही, त्या जागेच्या जैवविविधतेत किमान दहा टक्के वाढ दाखवणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे अधिवासांची पाहणी करून त्यांचे गुण मांडू शकणाऱ्या परिसरशास्त्रज्ञांना काम मिळाले. माझ्याबरोबरची, मूळची वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी चिखलात गुडघ्यापर्यंत बूट घालून कुंपणाच्या झुडपांच्या आणि गवताच्या जाती मोजत असते, आणि तिला कामाची ददात नाही. मात्र तिला वनस्पती ओळखता येतात. व्यवस्थापनाच्या पदवीने ते येत नाही. म्हणून ‘कायदा पाहा’ हा कराडकरांचा मुद्दा मला मान्य आहे. फक्त कायद्याने निर्माण झालेले काम दरवेळी पंप आणि टाक्यांचेच असते, असे नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे. आपल्या सल्लागारांनी एक गोष्ट सांगितली नसावी, अशी मला दाट शंका आहे. पदवीनंतर येथे राहून काम शोधण्यासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची होत आहे. आपण पुढील वर्षी प्रवेश घेतल्यास आपला अर्ज त्या तारखेनंतरच जाईल. त्यानंतर कुशल कामगार व्हिसा हवा असेल, तर जुलै 2025 पासून सर्वसाधारण पगारमर्यादा 41,700 पौंड आहे, आणि नवपदवीधरांसाठीची सवलतीची मर्यादा 33,400 पौंड. पर्यावरण सल्लागार कंपन्यांतील सुरुवातीचे पगार बहुतेकदा या सवलतीच्या मर्यादेच्याही खाली असतात, आणि व्हिसासाठी पुरस्कृत करण्याची तयारी लहान कंपन्या दाखवत नाहीत. नामांकित विद्यापीठांत एका वर्षाचे शुल्कच पुष्कळदा 25,000 पौंडांच्या वर जाते. म्हणजे राहण्याजेवणाचा विचार करण्याआधीच आपले तीस लाख संपले.

एक वर्षाचा अभ्यासक्रम ऐकायला सुटसुटीत वाटतो. प्रत्यक्षात सप्टेंबरमध्ये आलेला विद्यार्थी घर शोधून स्थिरस्थावर होईपर्यंत मोठ्या कंपन्यांच्या नवपदवीधर भरतीच्या मुदती संपत आलेल्या असतात. ज्यांना घरचा खर्च झेपतो, किंवा ज्यांना ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारखी पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, त्यांनी खुशाल यावे. चेव्हनिंगची अट मात्र लक्षात असू द्या : शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. कर्ज काढून सस्टेनेबिलिटी मॅनेजमेंटसाठी येण्याचा सल्ला मी माझ्या धाकट्या बहिणीला दिला नसता.

घाटमाथा

परत येण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी पुण्यात पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे काम करतो आणि आमच्याकडील नेमणुकांच्या मुलाखतीही घेतो.

भारतात 2006 च्या अधिसूचनेखाली ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, त्यांचे मूल्यांकन अहवाल ‘नॅबेट’ या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या सल्लागार संस्थांनाच तयार करता येतात. ही मान्यता संस्थेला मिळते ती तिच्याकडील तज्ज्ञांच्या बळावर, आणि प्रत्येक तज्ज्ञाला एका ठरावीक क्षेत्रासाठी मान्यता घ्यावी लागते : जलप्रदूषण, वायुप्रदूषण, घन आणि घातक कचरा, भूजल, परिसंस्था आणि जैवविविधता, सामाजिक-आर्थिक अभ्यास वगैरे. त्यासाठी पदवीची शाखा आणि त्या क्षेत्रातील अनुभव दोन्ही तपासले जातात. ‘शाश्वतता’ नावाचा रकाना त्या यादीत नाही. व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेला हुशार मुलगा आमच्या उपयोगाचा असला तरी तज्ज्ञ म्हणून त्याचे नाव कुठे बसवायचे, हा प्रश्न उरतोच. स्टुटगार्टच्या पदवीचा धारक मात्र किमान दोन रकान्यांत बसू शकतो.

दुसरीकडे अहवालांचे कामही आपल्याकडे खरोखर वाढले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना ‘सेबी’ने 2022-23 पासून व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. त्यातल्या आकड्यांची छाननी मात्र बरीचशी चार्टर्ड अकाउंटंट आणि अभियंते यांच्याकडून होते. युरोपने कार्बन उत्सर्जनावर सीमेवर आकारायचे शुल्क 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू केले आहे. ते लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन यांच्यापुरते असले तरी त्यात लोखंडी नटबोल्टही येतात. एका निर्यातदाराकडे आम्ही गेलो, तेव्हा त्याच्याकडे विजेची बिले व्यवस्थित लावलेली होती. पण भट्टीतले इंधन कोणत्या उत्पादनासाठी किती जळले, याची नोंदच नव्हती. तो हिशेब मांडण्यासाठी वस्तुमान आणि ऊर्जा यांचा ताळेबंद करता यायला हवा, आणि तो प्रक्रिया अभियांत्रिकीतच शिकवतात.

जाता जाता, परदेशी जायचेच, असे का? गेट देऊन मुंबईच्या आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करणाऱ्याला विद्यावेतन मिळते आणि डोक्यावर कर्ज राहत नाही. भारतातच काम करायचे असेल, तर मी त्या पदवीला आपल्या तिन्ही पर्यायांच्या वर ठेवीन. या चर्चांमध्ये याला ‘मग जर्मनी राहूनच जाईल’ असे उत्तर मिळते, तेव्हा शिक्षणाचा आणि स्थलांतराचा असे दोन वेगळे निर्णय एकत्र घेतले जात आहेत, हे उघड होते. तसे घेण्यात काही गैर नाही. पण कर्जाचा अर्ज भरताना निदान स्वतःशी तसे कबूल असावे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. घाटमाथा यांचा शेवटचा मुद्दा रास्त आहे. काही वर्षे तेथे काम करण्याची इच्छा आहे, हे मी मान्यच करते. त्यामुळे ब्रिटनचा पर्याय मी बाजूला ठेवीत आहे, आणि वाखेनिंगेनच्या दोन वर्षांच्या शुल्काचा आकडा पाहून तोही आपोआप गळला. कराडकर, दोन शंका आहेत. माझ्या पदवीत रसायनशास्त्र केवळ पहिल्या वर्षी होते. त्यामुळे प्रवेशात अडचण येईल का? आणि दोन वर्षांच्या अनुभवाचा शिष्यवृत्तीसाठी काही उपयोग होतो का?

नेकारकाठचा कराडकर

प्रवेश समिती आपल्या पदवीतील विषय आणि त्यांचे श्रेयांक मोजते, त्यामुळे ही शंका योग्य आहे. केवळ गुणपत्रिका न पाठवता प्रत्येक विषयाचा विद्यापीठाने छापलेला अभ्यासक्रम जोडावा. पर्यावरण अभियांत्रिकी, द्रवगतिशास्त्र आणि जलविज्ञान हे विषय स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना असतातच. तरीही रसायनाची बाजू लंगडी वाटली, तर त्याच विद्यापीठाचा जलसंपदा अभियांत्रिकीचा ‘वॉरेम’ हा अभ्यासक्रम स्थापत्यच्या पदवीधरांना अधिक जवळचा आहे. दोन्हींकडे अर्ज करावेत.

अनुभवाचा उपयोग होतो. ‘डाड’ या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासाशी निगडित पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीची ‘इपोस’ ही शिष्यवृत्ती किमान दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव असलेल्यांनाच मिळते, आणि शेवटची पदवी सहा वर्षांहून जुनी चालत नाही. अर्ज मात्र त्यांच्या यादीतील अभ्यासक्रमांसाठीच करता येतो आणि प्रत्येक अभ्यासक्रमाची मुदत वेगळी असते. त्यामुळे चालू वर्षाची यादी आजच पाहावी. कंपनीकडून अनुभवाचे पत्र घेताना ‘कनिष्ठ अभियंता’ एवढ्यावर भागवू नये; किती क्षमतेच्या केंद्रांचे आराखडे केले, प्रक्रिया कोणती होती, हे त्यात लिहून घ्यावे.

भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर 2022 पासून आवश्यक आहे. त्याचे शुल्क 18,000 रुपये आहे आणि हंगामात ते हाती यायला वेळ लागतो. म्हणून प्रवेशाच्या निकालाची वाट न पाहता तो अर्ज आधी करावा. आणि जर्मनचा वर्ग येत्या सोमवारपासून लावा. पुण्यात माक्सम्युलर भवनचे वर्ग लवकर भरतात.