निबंधाची रफ वहीसुद्धा तपासायला हवी का?

रामबागची बाई

मी इंदुरात आठवी ते दहावीच्या मुलांना हिंदी आणि इंग्रजी शिकवते. माझं मत आधीच सांगते. आपण मुलांचा तयार निबंध तपासतो, पण तो लिहिताना त्यांच्या मनात काय चाललं होतं, कुठे अडले, कशाला घाबरले, याची विचारपूस कधी करत नाही. महिन्यातून एकदा तरी फेअरच्या ऐवजी रफ वही बघावी आणि तिला मार्क देऊ नयेत.

रंगपंचमीच्या गेरवर, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीवर, लिहायला दिलं होतं. वर्गात एक मुलगा रंगून सांगत होता: राजवाड्यापाशी टँकरमधून उडणारा रंग, गच्चीत उभी आजी, गर्दीत चपला हरवलेला भाऊ. वहीत मात्र 'रंगपंचमी हमारा प्रमुख त्योहार है' आणि खाली दोन खोडलेल्या ओळी. म्हणाला, "पहिलं वाक्यच चांगलं होईना, मग पुढे गेलोच नाही."

अमेरिकी संशोधक सॉन्ड्रा पर्ल यांनी १९७९ साली न्यू यॉर्कमधल्या ५ कॉलेज विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. लेखनात कच्ची समजली जाणारी ही मुलं. मनात येईल ते मोठ्याने बोलत त्यांना लिहायला लावलं होतं. विचार त्यांच्याकडे होते, लिहिण्याची स्वतःची एक रीतही होती. पण वाक्य पुरं व्हायच्या आत ती स्पेलिंग आणि व्याकरण दुरुस्त करायला थांबत आणि मूळचं म्हणणं हातून निसटे. माझ्या वर्गात रोज हेच होतं, आणि आपली लाल शाई त्याला खतपाणी घालते.

भंवरकुआंवाले सर

ताई, कळकळ पोचली, पण पटलं नाही. मी स्पर्धा परीक्षांची मुलं तयार करतो. एमपीपीएससीच्या (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या) मुख्य परीक्षेत हिंदी निबंधाचा स्वतंत्र पेपर असतो. तिथे दोन तास संपले की उत्तरपत्रिका घेतात, मन लागलं होतं की नाही हे कोणी विचारत नाही. घाबरणाऱ्या मुलाला मी आधी मुद्दे काढायला लावतो. कागदावर सहा मुद्दे दिसले की हात चालू लागतो. सीबीएसईसुद्धा दहावीला पेपर वाचायला १५ मिनिटं देते. त्यात लिहायचं नसतं, पण मनात मुद्दे लावता येतात.

आणखी एक. ज्याच्या घरी आई-वडील, काका, आजोबा चर्चा करतात, तो मुलगा मोकळं सोडलं तरी लिहील. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीला बसलंय, त्याच्याजवळ निबंधाचा ठरलेला साचा सोडून दुसरं काय असतं? तो काढून घेतला तर नुकसान त्याचंच. आणि पन्नास-साठ मुलांच्या रफ वह्या बघायच्या कोणी, कधी?

खंडवा रोड, एमए पहिलं वर्ष

मुद्दे काढून हात चालतो हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही, सर. मी घरी मराठी बोलते, शाळा हिंदीत झाली, आता पेपर इंग्रजीत लिहिते. लिहिण्याआधी काढलेले मुद्दे ऐकीव असतात, कोणाच्याही वहीत सापडतील असे. पानभर लिहिल्यावर मला कळतं की मला खरं काय म्हणायचंय. मग मुद्दे काढते आणि पहिलं पान बहुतेक फाडते.

जेनेट एमिग यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या बारावीच्या ८ विद्यार्थ्यांबद्दल लिहिलं. तीही लेखी आराखडा क्वचितच करत. शाळेसाठी लिहिलेल्या मजकुराकडे फारशी परत वळत नसत, स्वतःसाठी लिहिलेल्यावर मात्र रेंगाळत. १९८१ मध्ये लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी दाखवलं की लिहिता लिहिता माणूस आपलं उद्दिष्टही बदलतो. ठरवणं, लिहिणं, तपासणं एकामागून एक होत नाही, ती एकमेकांत मिसळलेली असतात.

भीतीचं म्हणाल, तर मला सुरुवातीपेक्षा वही परत मिळताना जास्त वाटायची. मी आजोबांच्या आजारपणाबद्दल लिहिलं होतं. शेरा आला, 'अक्षर सुधारो'. त्यानंतर बरीच वर्षं मी शाळेच्या वहीत खरं काही लिहिलंच नाही.

निवृत्त मुख्याध्यापक

बाई, तुमचा हेतू चांगला आहे म्हणूनच स्पष्ट लिहितो. रफ वही तपासू नका. शाळेत मुलाची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच जागा उरली आहे. शिक्षक बघणार हे कळलं की मुलं रफसुद्धा घरी सुवाच्य अक्षरात लिहून आणतील. खोट्या खाडाखोडीसकट. तुम्हाला जे बघायचंय ते त्या दिवशीच नाहीसं होईल. त्यापेक्षा ती लिहीत असताना वर्गात फिरा, शेजारी बसा, "आता कुठे अडलास?" एवढंच विचारा. सही नको, शेरा नको.

रामबागची बाई

काका, तुमचा मुद्दा सरांच्या मुद्द्यापेक्षा जड आहे. मग असं करू: कुठलं पान दाखवायचं ते मुलानेच ठरवायचं. नसेल दाखवायचं तर नाही. पण वर्गात नुसतं फिरून भागत नाही. गप्प मुलं "कुठे नाही बाई" म्हणतात आणि हाताने वही झाकतात.

सर, साचा काढून घ्या असं मी म्हटलेलं नाही. मुलाचं पेन साच्याच्या पहिल्या खणात का अडकतं, ते बघा एवढंच.

भंवरकुआंवाले सर

८ मुलं, ५ मुलं. एवढ्याशा संख्येवर साठ जणांचा वर्ग कसा चालवायचा? आणि संशोधनच हवं तर माइक रोज यांचंही घ्या, १९८०चं. कॅलिफोर्नियातले १० विद्यार्थी, त्यातले ५ लिहिताना अडकणारे. अडकणाऱ्यांचे नियम ताठर होते हे खरं, पण न अडकणाऱ्यांजवळही नियम आणि आराखडे होतेच. म्हणजे दोष नियमांचा नाही.

रामबागची बाई

दोष ताठरपणाचा, आणि तो आपण शिकवतो. 'प्रस्तावना सुविचाराने किंवा दोह्यानेच सुरू करा' हा नियम निम्म्या वर्गाचं पेन धरून ठेवतो. त्या मुलाला मी सांगितलं, चपलांपासून सुरू कर, प्रस्तावना शेवटी लिही.

भंवरकुआंवाले सर

प्रस्तावना शेवटी, हे माझ्या बॅचला करून बघायला हरकत नाही. उत्तरपत्रिकेत वर सहा ओळी मोकळ्या सोडायच्या. मात्र मुद्दे आधी आणि घड्याळ समोर, यातून सूट नाही.

खंडवा रोड, एमए पहिलं वर्ष

सर, एका बॅचला मुद्दे आधी आणि दुसरीला अर्धं पान लिहून मग मुद्दे, असं करून बघाल का? विषय आणि वेळ एकच ठेवा. मार्क देण्याआधी दोन्हीकडच्या मुलांना विचारा, कोणतं वाक्य तुझं स्वतःचं वाटतं. आणि उत्तरं इथेच लिहा, आम्हाला वाचायची आहेत.