तिसऱ्या सिलिंडरला 135 पीएसआय: रिमॅप करावा की इंजिन उघडावं?

म्हापशेकर
गाडी ऑक्टेविया व्हीआरएस, 1.8 टर्बो, वीस व्हॉल्व्ह. बंगळुरूहून आणलेली, अख्खा पावसाळा म्हापशात शेडखाली उभी होती. रिमॅपच्या (इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलून टर्बोची ताकद वाढवण्याच्या) आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासलं: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे सॉकेट काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे पीएसआयमध्ये (दाबाचं एकक), सिलिंडर 1 ते 4: 165, 160, 135, 162. तिसऱ्यात 5 मिली इंजिन ऑइल सोडल्यावर 158. विकणाऱ्याने बंगळुरूतच काढून घेतलेला रिपोर्ट असा: 150, 146, 141, 148. एक मेकॅनिक म्हणतो रिंगा (पिस्टनभोवती हवा अडवणारी कडी) गेल्या, इंजिन खाली उतरवा. दुसरा म्हणतो काही झालेलं नाही, चालवा. जाणकारांनी मत द्यावं.

डिचोलीकर
दुसऱ्या मेकॅनिकचं ऐका. या इंजिनाला कंपनीने दिलेली झिजेची मर्यादा 7 बार, म्हणजे साधारण 101 पीएसआय. सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक 3 बारपर्यंत चालतो, म्हणजे 43 पीएसआय. तुमचा फरक 30. दोन्ही बाबतींत पास. सिलिंडरांतला फरक "दहा टक्क्यांच्या आत हवा" असं बरेच जण सांगतात, पण तो सरसकट ठोकताळा आहे, या इंजिनाच्या पुस्तकातला नव्हे. उलट बंगळुरूपेक्षा तीन सिलिंडरांचे आकडे वाढलेच आहेत.

फोंड्याचा टर्बो
डिचोलीकरबाब, ते आकडे वाढलेले नाहीत, गाडी घाट उतरून आलीय. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंच, तिथे हवेचा दाब गोव्यापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी. इंजिन दाबणार ती हवाच मुळात विरळ. म्हणून तिथल्या 150 चे इथे 167-168 दिसले पाहिजेत. तसा हिशेब लावला तर त्यांचा जुना रिपोर्ट म्हापशात साधारण 168, 163, 157, 165 असा वाचायचा. आता आजचे आकडे शेजारी ठेवा. पहिला, दुसरा, चौथा तीन पीएसआयच्या आत जुळतात, म्हणजे गेज बदललं असलं तरी तुलना धरायला हरकत नाही. एकटा तिसरा 22 ने खाली. मर्यादेच्या आत असणं वेगळं आणि काही महिन्यांत एकच सिलिंडर घसरणं वेगळं. कंपनीची मर्यादा स्टॉक बूस्टवर (टर्बोच्या मूळ दाबावर) ऑफिसला जाणाऱ्या गाडीला पुरेल, रिमॅपला नाही. त्यात तेल घातल्यावर 23 ने वर गेलंय, तेलाने रिंगांची फट बुजते. रिंगाच.

बेतीकर
तिसरा तपासताना बॅटरी दमली नव्हती ना? स्टार्टर मंद फिरला की आकडा पडतो. सगळं झाल्यावर पहिला पुन्हा मोजायचा, आणि मोजताना चार्जर लावलेला बरा.

म्हापशेकर
चार्जर होता. शेवटी पहिला पुन्हा घेतला, 164.

डिचोलीकर
उंचीचा मुद्दा मान्य. पण तेलाच्या चाचणीवरून रिंगांचा निकाल देणं घाईचं आहे. 1781 सीसी भागिले चार, म्हणजे एका सिलिंडरला 445. कॉम्प्रेशन रेशो 9.5 धरला तर पिस्टन वर आल्यावर जागा उरते फक्त 52 सीसी. त्यात 5 मिली तेल ओतलं की उरली 47, आणि रेशो झाला 10.4. गळती काडीचीही न थांबवता नुसत्या या कारणाने 135 चे 150 च्या वर जातात. तुम्हाला मिळाले 158. रिंगांच्या नावावर पाच-सहा पीएसआयच राहिले! तेलाची चाचणी चांगल्या सिलिंडरवरही करायची असते. पहिल्यात तेवढंच तेल घाला. तोही वीसेकने वाढला तर ही चाचणी तुम्हाला काहीच सांगत नाहीये.

मला संशय पावसाळ्याचा. उभ्या इंजिनात कुठल्या तरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. चार महिने आपली दमट हवा तिथून आत. व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटवर गंजाचा पापुद्रा धरतो, रिंग खाचेत चिकटते. म्हापसा ते पत्रादेवी हायवेवर दोन-तीन दिवस गाडी नीट गरम करून चालवा, शंभरेक किलोमीटर, मग परत मोजा.

फोंड्याचा टर्बो
5 मिलीचा हिशेब बरोबर आहे, रिंगांचा शब्द मागे घेतो. पण चालवून बघायला माझा विरोध. नॉकिंगने (इंधन अवेळी भडकल्याने) रिंगेची लँड, म्हणजे पिस्टनवरच्या खाचांमधली कड, तुटली असेल तर शंभर किलोमीटरांत तो तुकडा बोअरवर (सिलिंडरच्या भिंतीवर) रेघा मारेल. आधी लीकडाऊन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघा, तासाभराचं काम. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीवर (पिस्टन अगदी वर) आणा, तिथून क्रँक 180 अंश पुढे फिरवला की तिसरा टीडीसीवर येतो, फायरिंग ऑर्डर (ठिणगीचा क्रम) 1-3-4-2. पाचवा गिअर टाकून हँडब्रेक ओढा, नाहीतर हवेच्या दाबाने क्रँक फिरतो आणि पाना हातातून सुटतो. प्लगच्या भोकातून 100 पीएसआय हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट. दहा टक्क्यांपर्यंत गळती ठीक, वीसच्या वर गेली की विचार करायचा. पण टक्क्यांपेक्षा आवाज कुठून येतो ते महत्त्वाचं.

बेतीकर
त्याच भोकातून एंडोस्कोप कॅमेराही घाला. उभ्या रेघा दिसल्या तर पुढची चर्चाच नको.

डिचोलीकर
कॅमेऱ्यात तुटलेली लँड दिसत नाही, ती पिस्टनच्या कडेला खाली असते. लीकडाऊन करा, चांगलंच आहे. पण हवा सोडण्याआधी गाडी थोडी तरी चालवून गरम करा, थंड इंजिनावर आवाज सगळीकडूनच येतो. आणि ऑइलच्या झाकणातून हवा आली म्हणून लगेच पिस्टन काढायचे नाहीत. आधी प्लगच्या भोकातून पातळ पेनिट्रेटिंग ऑइल टाकून रात्रभर ठेवा. सकाळी प्लग न लावताच क्रँक करून ते बाहेर उडवा, भोकावर फडकं धरून. प्लग लावून सेल्फ मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. हे तेल क्रँककेसमध्येही उतरतं, म्हणून इंजिन ऑइल बदला आणि पुन्हा मोजा.

म्हापशेकर
एक राहिलं होतं. गेजची सुई पहिल्या फेऱ्याला तिसऱ्यात 60 वर गेली, मग चढत चढत 135. पहिल्यात सुरुवातच 105.

फोंड्याचा टर्बो
सुरुवात कमी आणि मग चढत जाणं हे रिंगांचं लक्षण. व्हॉल्व्ह गळत असता तर सुई पुढेही फारशी चढली नसती. रिंग चिकटलेली की तुटलेली, ते डिचोलीकरांच्या तेलाने कळेल. तुटलेली असेल तर पेनिट्रेटिंग ऑइलने काही सुधारणार नाही. सुटली आणि आकडा 155 च्या वर आला, तरी स्टॉक बूस्टवर पाचशे किलोमीटर चालवून परत मोजल्याशिवाय रिमॅपची फाइल टाकू नका.

डिचोलीकर
पाचशे जास्त होतात, दोनशे पुरे. रिमॅप करणाऱ्याला मात्र इग्निशन मागे खेचल्याचा (नॉकिंग टाळायला ठिणगी उशिरा दिल्याचा) लॉग सिलिंडरवार दाखवायला सांगा. तिसऱ्यातच टायमिंग जास्त मागे जात असेल तर कॉम्प्रेशन कितीही आलं तरी बूस्ट वाढवायचं नाही.