जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमधील करकर नेमकी कुठून येते, हे कसे शोधावे?

प्रश्न (सातारा)

नमस्कार. माझ्याकडे २००९ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. इंजिन, क्लच आणि सस्पेन्शन उत्तम आहे. गेल्या उन्हाळ्यात एसीची कूलिंग कॉइल गळू लागल्यामुळे एका गॅरेजमध्ये संपूर्ण डॅशबोर्ड उतरवून ती बदलून घेतली आणि तेव्हापासून डाव्या बाजूने करकर ऐकू येऊ लागली. पोवई नाक्याच्या आसपास गावात फिरताना ती फारशी जाणवत नाही. परंतु कासला जाताना यवतेश्वरचा घाट लागला की प्रत्येक वळणावर ती उमटते, आणि गाडी दुपारी तासभर उन्हात उभी राहिली असेल तर साध्या गतिरोधकावरही ऐकू येते. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की जुन्या गाडीत एवढे चालायचेच. दुसऱ्या एका मेकॅनिकने डॅशबोर्ड पुन्हा पूर्ण उतरवावा लागेल असे सांगितले, आणि तेच मला टाळायचे आहे. समोरच्या काचेलगतच्या फटीत पुठ्ठ्याची घडी बसवून पाहिली, तर आवाज थांबण्याऐवजी मधोमध सरकल्यासारखा वाटू लागला. काहीही न उघडता जागा निश्चित करण्याची पद्धत कोणी सांगू शकेल का?

उत्तर (मिरज)

पुठ्ठा आधी काढून टाकावा. नेमकी जागा कळण्यापूर्वी फटीत काही कोंबले की ताण दुसरीकडे जातो आणि शोध अधिकच अवघड होतो.

मी मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानांच्या शेजारी वाढलो, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. तंबोऱ्याची तार घोडीवर घासते, पण नाद भरून येतो तो भोपळ्यातून. डॅशबोर्डही आतून पोकळ असतो. त्यामुळे घर्षण एका कोपऱ्यात होत असले तरी कानाला तो आवाज हातभर दूरचा वाटतो. करकर निर्माण होण्याचे कारणही वाद्यांच्याच घरातले आहे. राळ लावलेला गज सारंगीच्या तारेला क्षणभर धरतो, सोडतो आणि पुन्हा धरतो. प्लास्टिकचे दोन भाग एकमेकांना दाबून बसले असतील, तर गाडीचा सांगाडा वळणावर किंचित पिळवटला की त्यांच्यातही हेच घडते. शिवाय उन्हात प्लास्टिक पोलादापेक्षा कित्येक पटींनी अधिक प्रसरण पावते, त्यामुळे सकाळी मोकळे असलेले सांधे दुपारी घट्ट होतात. आपण सांगितलेली लक्षणे याच्याशी जुळतात. सुटलेल्या भागाचा आवाज टकटक किंवा खडखड असा असतो, आणि त्याचा उपाय वेगळा असतो.

शोधासाठी प्रथम गाडी रिकामी करावी: ग्लोव्ह बॉक्समधील कागदपत्रे, सुटी नाणी, डॅशबोर्डवरील मूर्ती, मागचा जॅक, सगळे बाहेर. नंतर दुसऱ्या कोणाला तरी गाडी चालवायला देऊन आपण डावीकडे बसावे, आणि गतिरोधकावरून गाडी अगदी सावकाश व तिरकी न्यायला सांगावी, म्हणजे सांगाड्याला घाटातल्यासारखाच पीळ बसतो. त्या वेळी तळहाताने एकेक भाग दाबत जावे: ग्लोव्ह बॉक्सचे झाकण, एसीची जाळी, काचेच्या खांबावरचे प्लास्टिक, डॅशबोर्डचा कोपरा. ज्या जागी दाबल्यावर आवाज थांबतो किंवा बदलतो, तिच्या आसपासच दोष असतो. केवळ कानावर विश्वास ठेवू नये. जागा जवळपास कळली, की हातभर लांबीच्या रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक सांध्यावरून फिरवावे. नळीमुळे इतर आवाज मागे पडतात आणि चार बोटांच्या अंतरातला फरकही कळतो.

आपल्या गाडीचा डॅशबोर्ड एकदा उतरला असल्याने माझा पहिला संशय क्लिपांवर आणि वायरिंगवर आहे. काढताना धातूच्या क्लिपा पसरतात, त्या पक्कडीने हलकेच दाबून बसवाव्या लागतात, आणि घाईत हे राहून जाते. उपाय करताना सांधा आवळण्यापेक्षा दोन पृष्ठभागांच्या मध्ये मऊ अस्तर घालणे श्रेयस्कर आहे. पेटी दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळते ते पातळ फेल्ट यासाठी मला सर्वांत उत्तम वाटते. जिथे फेल्ट मावत नाही तिथे सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस मात्र लावू नये, कारण त्याने रबर फुगते आणि धूळ चिकटते. प्लास्टिकमधले स्क्रू बसवताना आधी उलटे फिरवावेत आणि जुन्या आट्यात बसल्याचे जाणवले की मगच आवळावेत. नाहीतर नवे आटे पडून पकड कायमची जाते.

डाव्या बाजूला एअरबॅग असेल, तर तिच्या झाकणाच्या फटीत काहीही घालू नये आणि तिच्या पिवळ्या कनेक्टरला घरच्या घरी हात लावू नये.

उत्तर (कराड)

वरील सर्व योग्यच आहे. फक्त डॅशबोर्डला हात लावण्यापूर्वी दारांचे रबर तपासावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. घाटातल्या वळणांवर दाराची चौकटही हलते आणि कोरडे रबर रंगावर घासून अगदी अशीच करकर होते. रबराला साबणाच्या पाण्याचा हात लावून एक फेरी मारावी. तेवढ्याने आवाज गेला, तर डॅशबोर्ड निर्दोष आहे. माझ्या गाडीत दोन महिने डॅशबोर्ड शोधून झाल्यावर दोष दारात सापडला होता.

प्रश्नकर्ता (सातारा)

दोघांचेही मनापासून आभार. दारांच्या रबराला साबणाचे पाणी लावून पाहिले, फरक पडला नाही. रविवारी धाकट्या भावाला गाडी चालवायला दिली आणि मी डावीकडे बसून एकेक भाग दाबत गेलो. ग्लोव्ह बॉक्स दाबून काहीच झाले नाही. परंतु काचेच्या डाव्या खांबावरच्या प्लास्टिकचे खालचे टोक बोटाने बाहेर ओढून धरताच आवाज थांबला, आणि सोडताच पुन्हा सुरू झाला. ते प्लास्टिक हलकेच ओढून काढले. त्याची खालची क्लिप जागेवर नव्हतीच, ती आत फोममध्ये पडलेली सापडली. जिथे टोक डॅशबोर्डच्या कोपऱ्यावर टेकत होते, तिथे खरखरीत काळ्या पृष्ठभागावर नखाएवढा चकचकीत ठिपका घासून तयार झाला होता आणि त्याच्या कडेला बारीक राखाडी भुकटी साठली होती.

क्लिप पक्कडीने दाबून बसवली आणि त्या ठिपक्यावर फेल्टचा तुकडा चिकटवला. दुपारी मुद्दाम गाडी उन्हात तापू देऊन यवतेश्वरपर्यंत जाऊन आलो. एकाही वळणावर आवाज आला नाही. फक्त सकाळी गाडी सुरू केल्यावर स्टिरिओच्या मागून बारीक टकटक येते, ती पूर्वी करकरीत दबून गेली असावी.

उत्तर (मिरज)

चकचकीत ठिपका सापडला म्हणजे जागा खात्रीने तीच. असा घासलेला डाग हाच या कामातला सर्वांत भक्कम पुरावा असतो. टकटक ही बहुधा स्टिरिओमागे मोकळ्या राहिलेल्या वायरिंगची असेल. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडून स्टिरिओ बाहेर काढावा, वायरींच्या जुडग्याला कापडी टेपचे दोन वेढे द्यावेत आणि कनेक्टर पत्र्याला टेकत नाहीत ना, हे पाहावे. डॅशबोर्ड उतरवण्याची गरज नाही.