आमच्या लॅब्रेडॉर कुत्र्याच्या पायाला मास्ट सेल ट्यूमर (कातडीचा कॅन्सर) निघालाय, इलेक्ट्रोकिमोथेरपी कोणी करून घेतलीये का?

शेरूची_आई
नमस्कार मंडळी. आमचा शेरू लॅब आहे, गणपतीत ९ पूर्ण होतील. मागच्या डाव्या पायाला, पंज्याच्या थोडं वर, दिवाळीपासून वाटाण्याएवढी गाठ होती, आम्हाला वाटलं चरबीची असेल, लॅबना येतातच म्हणतात. आता सुपारीएवढी झालीये. मधेच फुगते, लाल होते आणि दोन दिवसांत परत बसते. व्हेटनी सुई टाकून नमुना घेतला, रिपोर्टमध्ये मास्ट सेल ट्यूमर आलाय. ते म्हणतात कडेची २ सेंमी कातडी सोडून कापायला हवं, पण त्या जागी एवढी कातडीच नाही, जखम बंद कशी करणार, आणि पाय काढायचा हा शब्द ऐकल्यापासून मला झोप नाही. इलेक्ट्रोकिमोबद्दल कळलं. खरंच शॉक देतात का? म्हातारं पोर आहे हो ते, त्याला सोसेल का?

ब्रिस्टलवासी
ताई, आधी श्वास घ्या. आमच्या बॉक्सरची केस जवळपास हीच, पुढच्या पायाला मनगटाजवळ. इथे इंग्लंडमध्ये सर्जननी गाठ काढली पण तपासणीचा रिपोर्ट आला की कडा स्वच्छ नाहीत, म्हणजे तिथे गाठीच्या पेशी उरल्यात, म्हणून मग त्या जागेवर इलेक्ट्रोकिमो केली. सकाळी उपाशी पोटी सोडला, संध्याकाळी घरी. पूर्ण भूल देतात, त्यामुळे त्याला काही कळत नाही, पण प्रत्येक पल्सला पायाचे स्नायू आखडतात, पाय झटकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पहिले ४-५ दिवस सूज होती. मग जागा काळी पडली, खपली धरली, आणि ती खपली पडून खालून नवी कातडी यायला दीड महिना लागला. तो दीड महिना गळ्यात कोन, चाटू द्यायचं नाही, हेच खरं कठीण काम. सुरुवातीचे काही दिवस शू आणि शी उचलताना ग्लोव्ह्ज घालायचे, औषध लघवीतून बाहेर पडतं. आता दोन वर्षं झाली, त्या जागी फक्त पांढरे केस आलेत.

व्हेट_सांगली
मी व्हेट आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इलेक्ट्रोकिमोत वापरतात ते ब्लिओमायसिन हे जुनं किमोचं औषध, पण ते पेशीच्या आवरणातून सहजासहजी आत शिरत नाही. ते शिरेतून देतात, साधारण ८ मिनिटं थांबतात म्हणजे गाठीपर्यंत पोचतं, आणि मग सुयांच्या किंवा पट्ट्यांच्या इलेक्ट्रोडने गाठीवर अगदी छोटे पल्स देतात, बहुतेक ८ पल्स, प्रत्येक १०० मायक्रोसेकंदांचा. व्होल्टेज जास्त असतं, दर सेंमीला हजारच्या वर, पण वेळ इतका कमी की गाठ भाजत नाही. पेशीच्या आवरणाला तात्पुरती भोकं पडतात आणि औषध आत जातं. प्रयोगशाळेत असं केल्यावर ब्लिओमायसिनची मारकशक्ती शेकडो पटींनी वाढलेली दिसते, म्हणूनच औषध थोडं लागतं आणि नेहमीच्या किमोसारखा त्रास सहसा होत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सच्या गुस्ताव रूसी संस्थेत याची सुरुवात झाली, माणसांसाठी. कुत्र्यांच्या मास्ट सेलवर स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला आणि इटलीत बरंच काम झालंय.

पण ताई, ही उपचाराची पद्धत फक्त त्या जागेपुरती. गाठ पसरली असेल तर तिथे याचा उपयोग नाही. म्हणून मशीन शोधायच्या आधी गुडघ्यामागच्या लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीत, गाठ पसरली तर आधी तिथे पोचते) सुई टाकून बघा, नोड मोठा लागत नसला तरी बघा, आणि पोटाची सोनोग्राफी करा. ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे ते, कळायला बायोप्सीच लागते. लहान गाठीला गुण लवकर येतो, मोठी झाली की कमी येतो, तेव्हा महिनाभर थांबू नका. जिथे नीट कडा सोडून कापता येतं तिथे मी आजही ऑपरेशनच सांगतो.

आणि एक, गाठ दाबून बघू नका, पाहुण्यांनाही हात लावू देऊ नका. ती फुगते-बसते ना, ते आतलं हिस्टामिन सुटल्यामुळे. त्यानेच पोटात अल्सरही होतो. काळी शी किंवा उलटी दिसली तर लगेच व्हेटला फोन करा. भूल द्यायच्या आधी अ‍ॅव्हिल (अॅलर्जीचं औषध) आणि स्टेरॉइड देतात तेही याचसाठी.

गल्लीतली_पिल्लं
डॉक्टर, मधेच विचारतेय, आमच्या गल्लीतल्या कुत्रीला लघवीच्या जागी फुलकोबीसारखी गाठ आलीये, रक्त गळतं, तिलाही हेच करता येईल का?

व्हेट_सांगली
ते वर्णन टीव्हीटीचं, म्हणजे कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणाऱ्या ट्यूमरचं वाटतंय. आधी तपासून घ्या. ते निघालं तर व्हिन्क्रिस्टिन या किमोच्या औषधाची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं, बहुतेक त्यानेच जातं. मशीनची गरज सहसा पडत नाही.

ब्राउनीचा_बाबा
शेरूच्या आई, मी फक्त नोडबद्दल सांगायला आलोय. आमच्या ब्राउनीची गाठ लहान होती म्हणून आम्ही सगळं लक्ष गाठीवर दिलं, कुठे कोणतं मशीन आहे यात तीन आठवडे घालवले, आणि नोड तपासला तेव्हा तिथे आधीच पोचलेलं. हाय ग्रेड निघालं. तिला गोळ्या आणि इंजेक्शनवाली किमो दिली, चार महिने छान खाल्लं प्यायलं तिने. तुम्ही उद्याच नोड बघून घ्या, प्लीज.

शेरूची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्राउनीबद्दल वाचून रडू आलं दादा. आज सकाळीच गेलो, नोडचा नमुना घेतला, सोनोग्राफी शुक्रवारी. नोड साफ आला तर आमचे डॉक्टर म्हणाले की जमेल तेवढी गाठ काढू आणि कडांवर इलेक्ट्रोकिमो कुठे करून मिळेल ते परळच्या वेटरनरी कॉलेजात विचारू. शेरू आत्ता पायाशी झोपलाय, गाठीवर मोजा घातलाय म्हणजे चाटणार नाही. रिपोर्ट आला की लिहिते.