'ट्रेस'ला माग म्हणावं की मागोवा? आणि 'यंत्रमागा'चं काय करायचं?

अर्धविराम
पदविकेच्या मुलांसाठी जीडीबी या डीबगरवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनावर, मराठीत टिपणं लिहितेय. दोन प्रकरणं झाली, तिसऱ्यात अडकले. विषय असा: प्रोग्रॅम कुठल्या वाटेने गेला हे प्रोसेसर स्वतःच लिहून ठेवतो आणि डीबगर ते वाचून आपल्याला उलट पावली नेतो. प्रोसेसरने लिहिलेल्या या वाटेला इंग्रजीत 'हार्डवेअर ट्रेस' म्हणतात. जीडीबीला मागे जाता येऊ लागलं ते २००९च्या ७.० आवृत्तीपासून. पण तेव्हा एकेक सूचना पार पडली की थांबायचं आणि काय बदललं ते डीबगरनेच साठवायचं, त्यामुळे प्रोग्रॅम अक्षरशः रांगायचा. २०१३च्या ७.६मध्ये इंटेलच्या चिपमधलीच सोय वापरणारी 'रेकॉर्ड बीट्रेस' ही आज्ञा आली आणि २०१५च्या ७.१०मध्ये तिला 'प्रोसेसर ट्रेस'ची जोड मिळाली.

'हार्डवेअर ट्रेस'ला मी 'यंत्रमाग' लिहिलं. माग काढतो तो माग, यंत्राने ठेवलेला म्हणून यंत्रमाग. खर्डा वर्गात वाटला. पहिल्या बाकावरचा मुलगा इचलकरंजीचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या गावचा. मथळा वाचून त्याने मनापासून विचारलं, "मॅडम, हे सायझिंगवाल्यांसाठी आहे का?" सायझिंग म्हणजे विणण्याआधी सुताला खळ देणं, त्यामुळे त्याचं काही चुकलं नव्हतं. आता मथळा काय देऊ?

तत्सम
'अनुरेखन' वापरा. रेषेच्या मागून जाणे, अर्थ स्वच्छ आहे आणि त्यावरून अनुरेखक, अनुरेखित असे शब्द सहज घडतात. बोलीतल्या शब्दाला दहा अर्थ चिकटलेले असतात, परिभाषेला एकच हवा. 'महापौर'सुद्धा सुरुवातीला अवघडच वाटला असेल.

रानवाट
अनुरेखन म्हटलं की मला बटर पेपरवर रुखवताची नक्षी उतरवणारी मावशी दिसते. तिथे मूळ चित्र समोर असतं. इथे चोर पळून गेलाय आणि फक्त पावलं उरलीत. 'मागोवा' का नको?

अर्धविराम
मागोव्याचा अर्थ आता सरकलाय. 'सरत्या वर्षाचा मागोवा' म्हणजे कुणीतरी निवांत बसून घेतलेला आढावा. मला मागे उरलेली गोष्टसुद्धा सांगायची आहे, नुसती शोधण्याची क्रिया नाही.

बोर्डावरचा
मी एआरएमच्या, म्हणजे इंटेलहून वेगळ्या घडणीच्या, चिपवर काम करतो, आमच्याकडे याच कामाला ईटीएम नावाचा चिपमधला भाग असतो. आधी एक गोंधळ वाढवतो: आमच्या टेबलावर 'ट्रेस' म्हणजे सर्किट बोर्डावरची तांब्याची रेघ. दुरुस्तीवाले तिला 'ट्रॅक' म्हणतात, 'ट्रॅक उडालाय, जंपर मार.' त्यामुळे 'हार्डवेअर ट्रेस' असं देवनागरीत लिहून मोकळं व्हावं, तर आमच्यातला अर्धा वर्ग भलतंच समजेल.

आता शब्द निवडण्याआधी आत काय घडतं ते बघा. इंटेलच्या जुन्या बीटीएस पद्धतीत प्रत्येक उडीला, म्हणजे प्रोग्रॅम सरळ क्रम सोडून दुसरीकडे गेला की, 'कुठून, कुठे' असे पत्ते लिहिले जातात, एका उडीला २४ बाइट. प्रोसेसर ट्रेस इतकं लिहीत नाही. अट असलेला फाटा आला की फक्त एक बिट: वळलो किंवा सरळ गेलो. असे सहा फाटे एका बाइटच्या पाकिटात मावतात. जिथे फाटाच नाही, तिथे काहीच लिहीत नाही. उडीचा पत्ता आयत्या वेळी ठरणार असेल तेवढाच तो नोंदवतो. नंतर वाचणाऱ्याने मूळ प्रोग्रॅम नकाशासारखा समोर धरायचा आणि 'वळला, सरळ, सरळ, वळला' असं बोट फिरवत जायचं. नकाशा नसेल तर त्या बिटांना काही अर्थ नाही.

रानवाट
हे तर तंतोतंत माग काढणंच झालं! माझं आजोळ पुरंदरच्या बाजूला. आजोबा सांगायचे, रात्री बैल गेला की सकाळी पहिलं काम म्हणजे गोठ्याबाहेरच्या पावलावर पाटी पालथी घालायची. वाऱ्याने, गुरांनी ते मोडू नये म्हणून. मग जाणता रामोशी येई, पाटी उचलून पाऊल बघे आणि निघे. सगळीकडे पाऊल उमटलेलं नसतंच. खडकावर काही नाही, पण खडकातून वाट एकच आहे हे त्याला ठाऊक, त्यामुळे तो थेट पुढच्या मातीत बघे. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली करायचा. त्यांनी तो आपल्या शिवेबाहेर काढून दाखवला नाही, तर चोरीची जबाबदारी त्यांच्यावर.

चोर माग सोडतो, रामोशी माग काढतो. अर्धविरामताई, तुमच्याकडे प्रोसेसर माग सोडतो आणि डीबगर तो काढतो. शब्द एकच, क्रियापदं दोन. अनुरेखनाला हे कसं जमणार?

अर्धविराम
'माग सोडणे' आणि 'माग काढणे'! दोन दिवस नाम शोधत होते, क्रियापदांकडे लक्षच गेलं नाही. आणि एक गोष्ट तर फारच जुळते. या पद्धतीत मागे गेलं की कोणती ओळ चालली ते कळतं, पण त्या क्षणी व्हेरिएबलमध्ये काय होतं ते कळत नाही, कारण आकडे साठवलेलेच नसतात. पाऊल दिसतं, हातात काय होतं ते दिसत नाही. मुलं नेमकी इथेच अडतात. त्यांना जुन्या किमती हव्या असतात. म्हणून 'नोंद' शब्द मी टाळतेय, नोंद म्हटलं की सगळंच असेल असं वाटतं.

धोटा
इचलकरंजीच्या पोराची बाजू मांडायला आलोय. आमच्या घरी आठ माग होते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हा शब्द आमचा आहे. तो दुसऱ्याला देता येणार नाही. बाकी माग आणि माग एकच असणार असं मला वाटतं. आडवा दोरा नेणारा धोटा ज्या वाटेने जातो-येतो ती वाट, तोच मार्ग, तोच माग.

मग्गम
सोलापूरहून. धोटाभाऊ, ते तसं नाही. आमच्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू बोलतात, तिथे हातमाग म्हणजे 'मग्गम'. कानडीत 'मग्ग'. विणायचा माग दक्षिणेकडून आलाय. पावलांचा माग संस्कृत 'मार्ग', प्राकृत 'मग्ग' असा उतरलाय. 'मागणे'सुद्धा त्याच घरातलं, मूळ अर्थ शोधणे. दोन वेगळ्या वाटांनी येऊन दोन शब्द मराठीत एका उंबऱ्यावर भेटले.

धोटा
दोन्हीकडे 'मग्ग'च आहे, तरी वेगळे कसे? प्राकृतातून कानडीत गेला नसेल कशावरून? आणि त्या एका बिटाचं म्हणाल तर आमच्या जकार्डचे, म्हणजे नक्षी विणायच्या जोडणीचे, पुठ्ठे आठवा. भोक असेल तर ताण्याचा (उभा) दोरा वर, नसेल तर खाली. अख्खं लुगडं हो-नाहीवर विणलं जातं. माझ्या लेखी नातं आहे.

तत्सम
व्युत्पत्ती अशी दिसण्यावरून ठरत नाही. आणि मूळ मुद्द्यावर: 'फाटा' हा शब्द टिपणांत जाऊ नये. 'शाखा' म्हणा.

बोर्डावरचा
शाखा झाडाला असते किंवा बँकेला. गाडी वळते ती फाट्यावर. 'फाटा घेतला, फाटा सोडला' हे मुलाला न समजावता कळतं. प्रोग्रॅम मुद्दाम जिथे थांबवायचा त्या ब्रेकपॉइंटला आम्ही तर 'थांबा' म्हणतो, एसटीचा असतो तसा.

तत्सम
एसटीवर परिभाषा उभारायची का? उद्या परदेशात वाढलेलं मराठी मूल हे वाचेल, त्याला फाटा कुठून कळणार?

रानवाट
आणि शाखा कळेल? मग्गमताई, 'मागमूस' मधला मूस कुठला हो? आजोबा 'मागमूस लागू दिला नाही' म्हणायचे.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. 'प्रोसेसरने सोडलेला माग' असा मथळा तात्पुरता घातलाय. पण नवीन अडचण आहे. जीडीबीत 'ट्रेस' नावाची आज्ञा आधीपासून आहे आणि ती या कामाची नाही. तिने ट्रेसपॉइंट बसतो, म्हणजे प्रोग्रॅम न थांबवता त्या जागी हवी ती माहिती टिपून घेतली जाते. प्रोसेसरचा माग मात्र 'रेकॉर्ड' या आज्ञेखाली येतो. मग ट्रेसपॉइंटला काय म्हणू? थांबा नाही, मागही नाही.

धोटा
त्याचं उद्या बघू. आधी मला सांगा, कानडीत 'मग्ग' किती जुना आहे? वडिलांना फोन केला होता, ते म्हणाले, त्यांचे आजोबा मागाला माग म्हणतच नसत, 'खड्डा' म्हणत. खड्ड्यात पाय सोडून बसायचे म्हणून.

मग्गम
बरोबर आहे, खड्डामाग! आमच्या घरी अजून एक आहे. आजी त्यावर बसते. उद्या तिला विचारून एकेका भागाचं नाव लिहिते.