मातीच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी गढूळ गळती : मदत हवी आहे

नमस्कार. दिंडोरी तालुक्यातील आमच्या गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचा जुना बंधारा असून, डोंगरावरून एकाएकी येणारा लोंढा तो अडवतो, म्हणूनच खालची वस्ती आणि द्राक्षबागा आजवर सुरक्षित राहिल्या आहेत. मातीच्या भरावातून थोडे नितळ पाणी पाझरणे स्वाभाविक असते. परंतु परवाच्या जोरदार पावसानंतर पायथ्यालगतच्या बाभळीच्या मुळांजवळून निघणारी धार गढूळ होती आणि तांब्यात धरलेल्या पाण्याच्या तळाशी बारीक माती बसली, त्यामुळे भराव आतून वाहून जात असावा अशी धास्ती वाटते. जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटल्यावर काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

सांडव्यातील (बंधाऱ्यातले जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेतील) झुडपे आम्ही काढत आहोत. गळतीचे तोंड माती दाबून बंद न करता त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी आणि वर मोठे दगड असे थर द्यावेत, असे वाचले आहे; पाणी भरलेले असताना हे काम गावकऱ्यांनी करावे का? बाभळी तोडाव्यात, की मुळे कुजून पोकळ्या पडतील म्हणून तूर्त राहू द्याव्यात? तपासणीचा अर्ज जिल्हा परिषदेकडे करावा की मृद व जलसंधारण विभागाकडे, हेही जाणकारांनी कृपया लवकर कळवावे.