कासची गुरं आणि फुलं

'चराई पूर्ण बंद केली की फुलं आपोआप वाढतात' हे तुमचं म्हणणं साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराला तरी लागू पडत नाही. २०१२ मध्ये जागतिक वारशात नाव आलं, गर्दी वाढली, ती आवरायला कुंपण घातलं आणि गुरंही बाहेर राहिली. मग गवत माजलं. सीतेची आसवं, दवबिंदू ही झाडं सहसा वीतभर उंचीचीसुद्धा नसतात! जांभा खडकावरच्या पातळ, ओल्या मातीत त्यांना उघडं ऊन लागतं. उंच गवताच्या सावलीत ती मागे पडतात. पुढे कुंपण काढलं, ते बरंच झालं. पण माणसं पोटासाठी मुंबईला गेली, दावणीला गुरंच उरली नाहीत, तर चरणार कोण? माझ्या मते चराई हवीच, फक्त फुलोऱ्याच्या दिवसांत आवरलेली.